चौदा तासांचा हौद

गिरगावात त्या काळी ज्याच्या दारात घोडागाडी उभी राही, त्याच्या घरी मुलाचा अभ्यास करायला एक मास्तर असे. ‘करून घ्यायला’ नव्हे, ‘करायला’. मी विचार करूनच तसं लिहितो आहे. मुलगा ओटीवर पाय पसरून चिवडा खाई, मास्तर त्याच्या वहीत त्याच्याच वळणाचं अक्षर काढत बसे, आणि आतून आई म्हणे, “आज आमच्या बाळाला फार अभ्यास आहे हो!” दुसऱ्या दिवशी ती वही शाळेत येई. मी ती तपासत असे आणि खाली ‘उत्तम’ लिहीत असे.

मी गिरगावातल्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवायचो. शाळेचं नाव सांगत नाही. तिथले काही मास्तर माझ्याइतकेच नालायक होते आणि त्यांची नातवंडं आज गावात मानानं वावरतात.

अठराशे चौऱ्याण्णव सालची गोष्ट. इंग्रजी तिसरीला मी घरी करायला हौदाचं एक उदाहरण दिलं होतं. एक नळ हौद बारा तासांत भरतो, दुसरा सहा तासांत भरतो. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? त्या पुस्तकाची एक किल्ली बाजारात मिळे. किल्ली म्हणजे नुसत्या उत्तरांचं चोपडं. त्या चोपड्यात छापणाऱ्याच्या चुकीनं चाराच्या आधी एक एक्का पडला होता. उत्तर छापलं होतं, चौदा तास.

अकरा मुलांच्या वह्यांत उत्तर होतं, चौदा तास. रीतही होती. बारा आणि सहा अठरा, त्यातून चार वजा, राहिले चौदा. ते वजा केलेले चार कुठून आले हे कुणी विचारू नये. अक्षर मोत्यासारखं, खाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ. मी अकराही वह्यांवर बरोबरची खूण केली. माझ्या टेबलाच्या खणातही तीच किल्ली होती.

बारावी वही जगन्नाथची. पान म्हणजे चिखलात कोंबड्या नाचल्यासारखं. तीन ठिकाणी खाडाखोड, एका कोपऱ्यात चौकोनी हौदाचं वेडंवाकडं चित्र. मधे लिहिलेलं, ‘पहिला नळ एका तासात बारावा हिस्सा भरतो, दुसरा सहावा हिस्सा,’ आणि तिथेच उदाहरण थांबलेलं. समासात बारीक अक्षरात, ‘सहा तासांच्या आत भरलाच पाहिजे.’

मी ते समासातलं वाचलंसुद्धा नाही. उदाहरण अपुरं म्हणून त्याला पुढे बोलावून दोन्ही हातांवर दोन-दोन छड्या दिल्या. तो रडला नाही. उगाच हात झटकत जागेवर जाऊन बसला. अकरा शहाणी मुलं त्याच्याकडे बघून हसली आणि मी त्यांना हसू दिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक माणूस मला भेटायला आला. तिशीचा असेल. काळासावळा, खांदे रुंद, अंगात आखूड कोट, डोक्याला काळी टोपी, वहाणांवर वाळू सुकलेली. मला वाटलं, एखाद्या गिरणीचा पट्टेवाला निरोप घेऊन आला असेल.

“जगन्नाथची वही आपणच तपासता?” त्यानं विचारलं.

“हो. तुम्ही कोण?”

“मी त्याला घरी शिकवतो. तुळशीदास. वरळीचा.”

वरळीचा म्हणजे कोळी, हे मला आडनाव न विचारता कळलं. मी बस म्हणालो नाही. तो बसलाही नाही.

“मास्तर, आपल्या चाळीत हौद आहे?”

“आहे. का?”

“समजा, त्याला एकच नळ आहे आणि तो सहा तासांत भरतो. त्यावर आपण आणखी एक नळ बसवला. आता तो चौदा तासांत भरेल?”

मी घड्याळाकडे बघितलं. शाळेची घंटा वाजली असती तर मी देवाचे आभार मानले असते, पण सुट्टी बरीच बाकी होती.

“उदाहरण अपुरं होतं,” मी म्हणालो. “शाळेचा नियम आहे.”

“अपुरंच होतं. मीच तिथे थांबवलं. त्याला पुढचं सुचेना, आणि कळल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही असा आमचा करार आहे. मला येत होतं, पण अभ्यास त्याचा होता.” जाता जाता त्यानं विचारलं, “आणि मास्तर, समजा मी सांगितलं असतं आणि त्यानं बरोबर चार तास लिहिलं असतं, तर आपण काय केलं असतं?”

काय केलं असतं? चार चूक म्हणून छडी मारली असती. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं नमस्कार केला आणि गेला. आवाज एकदाही चढवला नव्हता, तरी दिवसभर माझे कान लाल होते.

संध्याकाळी घरी जाऊन मी ते उदाहरण स्वतः सोडवलं. सात वर्षं मी ते शिकवत होतो. सोडवलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे आमची ओळख वाढली, आणि हळूहळू त्याची हकीकत मला कळत गेली. ती त्यानं एकदम कधी सांगितली नाही. तो स्वतःविषयी बोलणारा माणूस नव्हता, आणि दुसऱ्यांविषयी बोलला तर चांगलं बोलणारा नव्हता.

बापाची होडी होती. थोरल्या दोघांनी समुद्र धरला. हा धाकटा अशक्त म्हणून मिशनच्या शाळेत घातला. तिथे एक पंतोजी होता, मोठा प्रेमळ. पोरगा अडला की त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन उदाहरण सोडवून देई आणि गाल थोपटी. तुळशीदासला त्या शाळेत दोन बक्षिसं मिळाली. त्या बक्षिसांच्या जोरावर तो मोठ्या शाळेत गेला, आणि तिथे पहिल्या महिन्यातच उघडं पडलं की याला साधा अपूर्णांक येत नाही. “त्या पंतोजीनं माझी तीन वर्षं गोड बोलून खाल्ली,” तो म्हणायचा. “मारकुटा मास्तर परवडला. तो निदान आपलं डोकं आपल्याला परत देतो.”

घरी आई धाकट्या बहिणीला जाळं विणायला शिकवत होती. आई पोरीच्या हाताला हात लावत नसे. गाठ चुकली तर चुकली असंही म्हणत नसे. नुसतं विचारी, “या गाठीत म्हावरा राहील काय गं?” पोरगी गाठ ओढून बघे, ती सुटे, मग आपणच पुन्हा घाले. सहा महिन्यांत बहीण बाजारात विकावं असं जाळं विणू लागली आणि तीन वर्षं शिकलेला भाऊ पाच छेद सात आणि दोन छेद तीन यांची बेरीज सात छेद दहा करत होता. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं पाटी घेतली आणि प्रत्येक उदाहरणाला आईचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. यात राहील काय?

मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोनदा संस्कृतात बुडाला. मग परळला गिरणीवाल्यांच्या वस्तीत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत असिस्टंट मास्तर झाला. कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांची पोरं. आईबाप पहाटे भोंग्याला जात, पोरांच्या पाटीकडे बघायला घरात कुणी नसे. या पोरांना एक मोठा फायदा होता असं तुळशीदास म्हणे. त्यांचा अभ्यास करून देणारं जगात कुणी नव्हतं.

त्या पोरांपैकी एक अण्णासाहेबांच्या वखारीतल्या मुकादमाचं. अण्णासाहेब म्हणजे जगन्नाथचे वडील. गिरण्यांना चामड्याचे पट्टे आणि तेल पुरवायचे आणि रावबहादूर होण्याची वाट बघायचे. मुकादमाचं पोर वखारीत बसून तेलाच्या पिंपांचं माप तोंडी सांगतं हे त्यांनी पाहिलं, आणि आपल्या घरातलं पोर मात्र चौदापर्यंतचे पाढे विसरतं हेही पाहिलं. तुळशीदासला बोलावणं गेलं.

त्यांच्या घरात रोज पापलेट शिजे. पण पापलेट पकडणाऱ्याच्या पोराला पाणी द्यायचं ते ओटीवरच्या वेगळ्या भांड्यातून, वरून ओतून. तुळशीदास त्या घरी पाणी प्यायचाच नाही. परळहून गिरगावापर्यंत चालत यायचा, घसा कोरडा घेऊन शिकवायचा आणि वरळीला चालत जायचा. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई शेजारणींना सांगत, “मास्तर फार साधा हो, काही लागत नाही त्याला.”

एक दिवस मी त्याची शिकवणी बघायला मुद्दाम गेलो. ओटीवर जगन्नाथ पालथा पडून वहीवर वाकलेला. तुळशीदास समोर मांडी घालून, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मला वाटलं, पाय दुखत असतील. नंतर कळलं, ती त्याची रोजची बैठक होती. हात मोकळे असले की पोराच्या पेन्सिलीकडे धावतात, म्हणून तो त्यांच्यावर बसायचा.

“मास्तर, आता काय करू?” जगन्नाथनं विचारलं.

“मला काय विचारतोस? उदाहरणाला विचार. काय मागतंय ते?”

“किती मजूर लागतील ते.”

“दिलंय काय?”

जगन्नाथनं दिलेलं वाचून दाखवलं. पंधरा मजूर, आठ दिवस, तेच काम आता सहा दिवसांत.

“बरं. अजून काही लिहू नकोस. पंधरापेक्षा जास्त लागतील का कमी?”

“कमी... नाही, थांबा. दिवस कमी म्हणजे माणसं जास्त.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग लिही. आणि उत्तर पंधराच्या खाली आलं तर माझ्याकडे आणू नकोस, स्वतःच लाजून खोड.”

पोरगा लिहू लागला. चुकला. सहानं गुणलं, आठानं भागलं, सव्वा अकरा आले. तुळशीदासला दिसत होतं. मलाही दिसत होतं, आणि खरं सांगतो, माझी जीभ वळवळत होती. तुळशीदासच्या मानेची शीर ताठ झाली, पण तो बोलला नाही. जगन्नाथनं सव्वा अकराकडे बघितलं, कान खाजवला, म्हणाला, “सव्वा मजूर कसा?” मग, “आणि पंधराच्या खाली!” आणि खोडलं. मी घड्याळ बघितलं. त्या एका उदाहरणाला पाऊण तास गेला. वीस आले तेव्हा पोराचा चेहरा असा झाला होता की जणू वीस ही संख्या जगात त्यानंच पहिल्यांदा पाहिली.

मी शाळेतली किल्ली घरी आणून बंबात जाळली. फार शूर वाटलं. मग खरी उदाहरणं द्यायला लागलो, तोंडी विचारायला लागलो, स्वच्छ वह्यांना शून्य द्यायला लागलो. तीन आठवड्यांत पालक हेडमास्तरांकडे. “आमचा मुलगा दोन वर्षं पहिला येतो, आणि हा मास्तर शून्य देतो? मास्तरात काही दोष असला पाहिजे!” हेडमास्तरांनी मला बोलावून, शाळा कुणाच्या देणग्यांवर चालते याची आठवण करून दिली. मी चार महिने टिकलो. पाचव्या महिन्यात पुन्हा ‘उत्तम’ लिहू लागलो. हे मी कुठल्याही पश्चात्तापाच्या सुरात सांगत नाही. भित्र्या माणसाचा पश्चात्ताप म्हणजे पावसानंतरची छत्री.

जगन्नाथची वही मात्र घाणच राहिली. आणि एके दिवशी अण्णासाहेबांच्या घरी त्यांचे साडू आले, आपल्या मुलाची वही घेऊन. ती मोत्यासारखी वही अण्णासाहेबांनी जगन्नाथच्या वहीशेजारी ठेवून बघितली. त्याच संध्याकाळी त्यांनी तुळशीदासला ओटीवरच गाठलं. हे मला जगन्नाथनं शब्दन् शब्द सांगितलं.

“अरे मास्तर, मी तुला शिकवायला ठेवलंय का बघायला? तू नुसता बसून असतोस!”

“होय साहेब. बसून राहणंच अवघड आहे.”

“माझ्याशी वाकडं बोलतोस? ही वही बघ. माझ्या पोराची लाज वाटते मला.”

“मला नाही वाटत,” तुळशीदास म्हणाला. “त्यात जे आहे ते त्याचं आहे. साडूसाहेबांच्या वहीतलं त्यांच्या पोराला विचारून बघा.”

साडू तिथेच बसलेले. झालं. तुळशीदासची शिकवणी सुटली. जाताना तो जगन्नाथला एवढंच म्हणाला, “नवे मास्तर लिहून देतील ते लिहू दे, त्यांच्याशी भांडू नकोस. पण आधी पाटीवर आपलं आपण कर. मग वहीशी ताडून बघ, कोण चुकलंय ते.”

नवा मास्तर आला तो साडूंच्या मुलाला शिकवणारा प्रोफेसर. तो कुठल्याही कॉलेजात नव्हता. शिकवण्याच बारा असल्यानं लोक त्याला प्रोफेसर म्हणत. जरीकाठी उपरणं, पानानं लाल ओठ, आणि कोटाच्या आतल्या खिशात किल्ली. मुलाचं अक्षर नकलून काढण्यात त्याचा हात धरणारा मुंबईत कुणी नव्हता. वहीपुरता मुलगा हुशार. ‘हे कसं आलं?’ असं त्यानं विचारलं की प्रोफेसर पान खायला उठे. चौदा तासांचा हौद त्यानंच अकरा घरांत भरला होता. जगन्नाथची वही आठवड्यात मोत्यांनी भरली. आनंदीबाईंनी देवापुढे पेढे ठेवले.

तीन महिन्यांनी शाळेची तपासणी आली. शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब आले, उंच, थकलेले, वह्यांना कंटाळलेले गृहस्थ. पुढच्या रांगेत शाळेचे देणगीदार, त्यांत अण्णासाहेब, कारण सभागृहातलं घड्याळ त्यांनी दिलं होतं. प्रोफेसर दाराशी उभा. आपली बारा पिकं कशी आलीत ते बघायला आलेला शेतमालक जसा.

डेप्युटींनी वह्यांचा गठ्ठा उघडलाच नाही. म्हणाले, “तिसरीची मुलं फळ्यापाशी येऊ देत.” मग तोंडी उदाहरण घातलं. हौदाला तीन नळ. एक दहा तासांत भरतो, दुसरा पंधरा तासांत भरतो, तिसरा भरलेला हौद बारा तासांत रिकामा करतो. तिन्ही सोडले तर?

पहिला मुलगा आला आणि फळ्याकडे पाठ करून हसत उभा राहिला. दुसऱ्यानं दहा, पंधरा आणि बारा यांची बेरीज केली आणि सदतीस तास सांगितलं. डेप्युटी म्हणाले, “का?” मुलगा म्हणाला, “आमचे मास्तर सांगतात तसं.” तिसरा रडला. चौथ्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि त्याचं बहुधा खरंच दुखत होतं. साडूंचा मुलगा दाराकडे बघत होता. दारातला प्रोफेसर खाली वाकून वहाणेचा अंगठा तपासत होता.

मग जगन्नाथ आला. खडू घेतला आणि आधी मोठ्यानं म्हणाला, “काय मागतंय?” पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यानं तिन्ही हिस्से मांडले आणि तिन्ही मिळवले. थांबला. “जाणारं पाणी मिळवलं की काय मी!” पंज्यानं पुसलं. पुन्हा मांडलं, साठाचा छेद घेतला, सहा आणि चार दहा, त्यातून पाच वजा. राहिले साठांपैकी पाच. साठ भागिले पाच करताना घाबरून पंधरा लिहिलं. त्याकडे बघितलं. पुन्हा पुसलं. कोटाची बाही पांढरी झाली, कपाळावर खडूचा पट्टा. दिलेल्या घड्याळाचा काटा सगळ्यांना ऐकू येत होता. मग त्यानं बारा लिहिलं, फळ्यापासून दोन पावलं मागे सरला, आणि मनातल्या मनात काहीतरी पडताळून म्हणाला, “बारा तास. राहील.”

डेप्युटींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “तुला घरी कोण शिकवतं?”

जगन्नाथ तोंड उघडणार इतक्यात अण्णासाहेब उठले. चेहरा घामानं डबडबलेला. त्यांना एवढंच दिसलं होतं, की आपल्या पोरानं चारचौघांत पुन्हा पुन्हा पुसलं. पण डेप्युटी खूश आहेत हेही त्यांना उशिरा का होईना, समजलं. त्यांनी दाराकडे हात केला. “हे आमचे प्रोफेसर!”

आणि प्रोफेसर, अंगठा तपासायचं सोडून, नमस्कार करत पुढे आला. आठवड्यानं अण्णासाहेबांनी त्याला शाल घातली. त्या समारंभाला मी होतो, टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी परळला गेलो आणि तुळशीदासला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. शालीचं ऐकून त्यानं माशी वारावी तसा हात हलवला.

“दोनदा पुसलं म्हणता?”

“हो.”

“पहिल्यांदा जाणारं पाणी मिळवलं, ते समजलं. दुसऱ्यांदा का पुसलं?”

“साठात पाच पंधरा वेळा म्हणाला.”

“हां,” तो म्हणाला. मग, “भागाकार कच्चा आहे त्याचा. मी उगाच सोडून दिला होता.”

दीड वर्षानं गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला आणि गिरगाव रिकामं झालं. घोडागाडीवाले सगळ्यांत आधी पळाले. प्रोफेसर किल्लीसकट पुण्याला गेला. अण्णासाहेब कुटुंब घेऊन अलिबागेकडे त्यांच्या वाडीत. मीही गेलो, गावी, लपायला. तुळशीदास राहिला. त्याची शाळा बंद, तरी वरळीत त्याच्या आळीतली पोरं तो किनाऱ्यावर उघड्यावर बसवून शिकवत होता, एकेक हात अंतर ठेवून.

जगन्नाथ तेव्हा पाचवीत. वाडीत शिकवायला कुणी नाही. त्यानं तुळशीदासला पोस्टकार्ड टाकलं, वर एक अडलेलं उदाहरण लिहून. उत्तर आलं. त्यात उत्तर नव्हतं. ती कार्डं त्यानं पुढे मला दाखवली. एकावर होतं, ‘तिसऱ्या ओळीत तू काय गृहीत धरलंस? ते कुणी दिलं तुला? मी बरा. आळीत सात गेले.’ दुसऱ्यावर, ‘चित्र काढ. कार्डावर जागा नसेल तर वाळूत काढ.’ तिसऱ्यावर फक्त, ‘उत्तर केवढं येईल ते आधी लिहून पाठव, मग बोलू. थोरला भाऊ परवा गेला.’ बाहेर माणसं पटापट मरत होती, आणि हा माणूस एका पोराचं उदाहरण त्या पोराकडेच राहावं म्हणून टपालखर्च करत होता. एका उत्तरात सगळं संपलं असतं. मी असतो तर तेच केलं असतं, आणि त्याला दया म्हटलं असतं.

जगन्नाथ अठराशे अठ्ठ्याण्णवला मॅट्रिक झाला. अण्णासाहेबांनी दारावर तोरण बांधलं, तापाची साथ ओसरल्यावर परत आलेल्या प्रोफेसरला पाटावर बसवलं. जेवणं मांडलेली असताना जगन्नाथ मागच्या दारानं निघाला, मला शाळेतून उचललं आणि वरळीला घेऊन गेला.

कोळीवाड्यात तुळशीदास दारात बसला होता. केस निम्मे पांढरे झाले होते. परळच्या शाळेत तो अजून असिस्टंटच होता. त्याच्या तपासणीच्या शेऱ्यात दर वर्षी एकच वाक्य येई, ‘मुलांच्या वह्या अस्वच्छ, बढतीस पात्र नाही.’ त्यानं पेढा घेतला आणि विचारलं, “गणितात काय चुकलं?”

जगन्नाथनं सांगितलं. मग ते दोघं ओल्या वाळूत काटकीनं ते उदाहरण मांडून बसले आणि गिरगावातली पंगत खोळंबली. मला करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात मंजुळा आली. ही त्याची ती जाळं विणणारी बहीण. तिनं नारळ फोडून माझ्यापुढे ठेवला आणि भावाकडे बघत म्हणाली, “मोठा मास्तर हाय माजा भाव. माज्या संसाराचं पन उदाहरन केलं यानं.”

तुळशीदासनं मान वर केली नाही. “सांग त्यांना,” तो म्हणाला. “खोटं नाहीये.”

तिनं सांगितलं. तिचा नवरा महादेव बोटीवर खलाशी होता. एडनहून त्याचं पत्र आलं, की आजारी आहे, दवाखान्यात पडलोय, घरचं काहीतरी लिहा. मंजुळेला तुळशीदासनंच अक्षरं शिकवली होती. ती त्याच्याकडे धावली, “दादा, मना लिवून दे रं.” आणि तुळशीदास म्हणाला, “तुला येतं. तू लिही.” ती रडली. तो म्हणाला, “रडू नको. काय कळवायचंय ते आधी ठरव.” तिनं पाटी आपटून फोडली. चार महिने ती भावाशी बोलली नाही, आणि चार महिने एडनला पत्र गेलं नाही. शेवटी तिनं चार ओळी लिहून टाकल्या. त्या पोचेपर्यंत महादेव दवाखान्यातून बाहेर पडून दुसऱ्या बोटीवर चढला होता. वर्षानं परत आला तो अबोला धरून. बायको आपल्याला विसरली, हे मनाशी धरून बसलेला. अजूनही रागावला की तिला नावानं हाक मारत नाही. ‘मास्तराची भन’ म्हणतो.

“तुम्ही समजावलं नाहीत त्याला?” मी तुळशीदासला विचारलं.

“समजावलं. तो म्हणाला, मास्तर, मी मरत होतो, आणि तुम्ही माझ्या बायकोची परीक्षा घेत होतात.” तो काटकीनं वाळू उकरत राहिला. “माझं चुकलं. सगळंच पोराच्या वहीसारखं दिसायला लागलं होतं मला.”

सबंध गिरगावाला नाकं मुरडत आलेला हा माणूस. त्याला चूक कबूल करताना पाहून मला जरासं बरं वाटलं असेल, आणि त्या बरं वाटण्याची मला अजून शिसारी येते. माझ्या चुकांची यादी केली असती तर ती मांडायला वरळीची सगळी वाळू पुरली नसती.

आम्ही निघालो तेव्हा वाटेवर एक म्हातारी टोपली उतरवून उभी होती. तिचा लेक रंगूनला होता. “तुळशीदास, जरा खुशाली लिव रे बाबा.” त्यानं काटकी टाकली, हात धोतराला पुसले, घरातून कागद, टाक आणि दौत आणली, आणि तिथेच दगडावर बसून म्हणाला, “सांग आजी.” ती जे सांगे ते तो भराभर लिहीत गेला. अडली तिथे स्वतःच शब्द घातले. एक प्रश्न विचारला नाही. दोन्ही बाजू भरल्या, पत्ता लिहिला, वाचून दाखवलं, आणि म्हातारी टोपली उचलून गेली.